माद्रिद ते वेलिंग्टन, दोऱ्याने मोजलेलं

दादरच्या फुलबाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, विमानाची तिकिटं काढून देणारं एक छोटं ऑफिस आहे. तिथे मी एकतीस वर्षं बसलो. या काळात लोकांनी मला मुख्यतः दोनच प्रश्न विचारले. किती लांब आहे? आणि किती वेळ लागतो? पहिल्याचं उत्तर सोपं. गावं जागची हलत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला दमवलं. गेल्या महिन्यात टेबल आवरलं, खुर्ची मागे सरकवली, तेव्हा पाय दुखत नव्हते, पाठही नाही. पण आता कुणी "किती तास?" असं विचारू नये, एवढंच मनात आलं.

या अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या गमतीदार ग्राहकांबद्दल लिहा" असं सुचवलं होतं. गमतीदार माणसं खूप भेटली, त्यांतली एकदोन येतीलच. पण लिहायला बसलो की हात एकाच तिकिटाकडे जातो. तेव्हा तेच लिहितो.

मी मूळचा दहिवडीचा. वडील तिथल्या एसटी डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. भूगोल घेऊन बी.ए. झालो, तेव्हा वडिलांनी डेपोत पेढे वाटले. कंट्रोलरसाहेबांनी विचारलं, "भूगोल शिकून पोरगा करणार काय?" वडील म्हणाले, "जग बघंल की." मी जग काही बघितलं नाही. आयुष्यात विमानात एकदाच बसलो, तेही नागपूरला, ऑफिसच्या कामाने. पण जगात कुठे काय आहे आणि तिथे कसं पोचायचं, ते हजारो लोकांना सांगितलं. वडिलांच्या पेढ्यांचं एवढं तरी मी फेडलं, असं मला वाटत आलं आहे.

शाळेत आम्हाला भूगोलाला एक सर होते. शाळेत एकच पृथ्वीगोल होता आणि तोही विषुववृत्तावर चेपलेला. सर शिंप्याकडून आणलेला दोरा त्या गोलावर ताणून धरायचे आणि म्हणायचे, "नकाशावरची सरळ रेघ खोटी. दोरा खरा." सपाट नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी रेघ अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाते. दोरा ताणला की तो वर उत्तरेला, रशियाकडे सरकतो. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट तीच. विमानंही साधारण त्याच वाटेने जातात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "आधी पाण्याची घागर भर."

मुंबईत मी काळाचौकीला मामाकडे राहिलो आणि मामाच्या ओळखीने या ऑफिसात लागलो. पहिल्या महिन्यातच ठाकूरद्वारच्या एका शालेय साहित्याच्या दुकानातून पृथ्वीगोल आणला आणि टेबलावर ठेवला. सोबत एक जाड पांढरा दोरा. दर पाच हजार किलोमीटरला त्यावर शाईची खूण केली होती. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, हसले. "अंकुश, इथे तिकिटं विकायची आहेत, वर्ग घ्यायचा नाही." पण ग्राहकांना ते आवडलं. मुलगा शिकागोला आहे म्हणजे नेमका कुठे आहे, ते आईला दोऱ्यावर दिसायचं. काही आया तो दोरा बोटात धरून जरा वेळ तशाच बसायच्या.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं तिकीट छापण्याचं नाही. तिकीट तर आता कुणीही मोबाइलवर काढतं. शिवाजी पार्कचे एक निवृत्त इंजिनिअर सकाळची फेरी संपवून हातात कागद घेऊनच यायचे आणि म्हणायचे, "संगणक सांगतो चौदा तास, तुम्ही सांगता एकवीस. मधले सात तास तुम्ही खाल्ले का?" त्यांना दरवेळी तेच सांगायचो. चौदा तास विमान उडतं. बाकीचे तास माणूस बसून असतो, दुसऱ्या विमानाची वाट बघत. शिवाय तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावची. एकातून दुसरी वजा केली की उत्तर हमखास चुकतं.

माझे वडील डेपोत हेच त्यांच्या भाषेत सांगायचे. कुणी विचारलं, सातारा किती लांब, तर म्हणायचे, "लांबी इचारू नका, गाडी कवा हाय ते इचारा. माणूस थांबून थांबून दमतो." हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तरीही पुढे विसरलो.

आमचं खरं काम म्हातारी माणसं पोचवण्याचं. लालबाग-परळच्या चाळींतून वाढलेली मुलं जगभर गेली आणि मागे आईवडील राहिले. ते वर्षातून एकदा जातात, नातवंडं सांभाळतात, बाळंतपणं करतात, परत येतात. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवतो. पाय धडधाकट असतात. लोकांना वाटतं लबाडी आहे. पण ती खुर्ची भाषेसाठी असते. खुर्ची ढकलणारा माणूस आपल्याला बरोबर दुसऱ्या विमानाच्या दारात नेऊन सोडतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. शिवाय मी प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचं कार्ड लिहून द्यायचो. एका बाजूला इंग्रजीत, "मी मराठी बोलते, मला अमुक विमान पकडायचं आहे, कृपया मदत करा." दुसऱ्या बाजूला मराठीत, कुठे उतरायचं, किती तास बसायचं, कुणाला फोन करायचा. या कार्डांचा मला अभिमान आहे. माझं कार्ड गळ्यात असलेलं एकही माणूस कधी हरवलं नाही.

आणखी एक सवय होती. समोरच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. आमचे बरेचसे ग्राहक अमावास्येला घर सोडत नाहीत. सुरुवातीला तिकीट काढून झाल्यावर रडवेल्या चेहऱ्याने परत यायचे, "अहो, सासूबाई नाही म्हणतात, त्या दिवशी अमावास्या आहे." मग तारीख बदला, सगळं पुन्हा करा. म्हणून मी आधीच बघून ठेवायला लागलो. चौकोनात काळा ठिपका दिसला की तो दिवस वगळूनच तारीख सुचवायची. न विचारता. लोक खूश व्हायचे. "तुम्ही घरच्यासारखं बघता," म्हणायचे. एकदा परळच्या बीआयटी चाळीतला एक तरुण पीएच.डी.ला निघाला होता. मी सवयीने त्याला दुसरी तारीख सुचवली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे नाही बघत अमावास्या. बाबासाहेबांनी सोडवलंय त्यातून. उलट त्या दिवशी विमान मोकळं असेल ना? तेच द्या." आम्ही दोघं हसलो. त्याचं तिकीट त्याच दिवसाचं काढलं. पण मी त्यातून काही शिकलो नाही. तो वेगळा, बाकीचे आपले नेहमीचे, असं धरून चाललो.

आता परब पतिपत्नी.

परबकाका काळाचौकीला मामाच्याच चाळीत राहायचे, दोन खोल्या सोडून. गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत पंप चालवायचं काम केलं आणि मुलं शिकवली. मुलगा महेश न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये. मुलगी स्नेहल स्पेनला, माद्रिदमध्ये. त्या वर्षी स्नेहलचं पहिलं बाळंतपण होतं आणि नेमकं त्याच दिवसांत महेशच्या दोन्ही मुलांना उन्हाळी सुट्टी, कारण तिकडे जानेवारीत उन्हाळा. महेश आणि सूनबाई दोघंही कामावर. तेव्हा ठरलं, काकी माद्रिदला जातील, काका वेलिंग्टनला. दोनअडीच महिन्यांनी काकी माद्रिदहून वेलिंग्टनला जातील आणि मग दोघं मिळून शिमग्याला गावी.

दोघं तिकिटं घ्यायला आले ती दुपार मला नीट आठवते. काका मला मास्तर म्हणायचे, त्या गोलामुळे. मोठ्या आवाजात, मालवणीत.

"मास्तरांनू, आता आमच्या दोघांत किती अंतर पडतला ता मोजा."

काकी म्हणाल्या, "मोज रे बाबा. चाळीस वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत ह्यांच्या घोरण्याने डोळ्याला डोळा नाही. तिथे ऐकू येणार नाही एवढं लांब आहे ना?"

मी दोरा घेतला. एक टोक माद्रिदवर धरलं, भारत आणि ऑस्ट्रेलियाकडून नेत दुसरं वेलिंग्टनवर टेकवलं. चौथ्या खुणेच्या किंचित अलीकडे. वीस हजार किलोमीटरला दीडदोनशे कमी. मग दोरा उलट्या बाजूने, अमेरिकेवरून, पॅसिफिक महासागरावरून नेला. जवळजवळ तेवढाच भरला. उत्तर ध्रुवावरून नेला, तरी तेवढाच. काकांचे डोळे मोठे झाले. मला तर शाळेतले सर आठवले. मी रंगात आलो होतो.

"काका, ही दोन गावं पृथ्वीच्या बरोबर दोन अंगांना आहेत. जगातल्या कुठल्याही दोन राजधान्या याहून फारशा लांब नाहीत. तुम्ही याच्या पुढे पाऊल टाकलंत, तर काकींच्या जवळच यायला लागाल."

काका जरा विचारात पडले. मग काकींकडे बघत म्हणाले, "मगे बरां असा. खयही चाललंय तरी हिच्याकडेच."

"बघा, तिथेही पिच्छा सोडायचे नाहीत," काकी म्हणाल्या. पण बरं वाटल्याचं दिसत होतं.

मी आणखी एक गंमत सांगितली. जानेवारीत या दोन गावांच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक असतो. म्हणजे दोन्हीकडे घड्याळाचे काटे सारखेच. इकडे सकाळचे सात, तर तिकडे संध्याकाळचे सात. काकांनी मनगटावरचं चावीचं घड्याळ पुढे केलं. "म्हणजे माझ्या घड्याळात बघून हिचा किती वाजला ता कळतला." मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"समजा, हिका माझ्याकडे येवची पाळी इली, तर किती तास?"

सरळ उडता आलं तर बावीस तास, पण एवढं लांब न थांबता जाणारं विमान या मार्गावर नाही. मध्ये आखातात उतरायचं. वेलिंग्टनची धावपट्टी आखूड, म्हणून ऑकलंडला उतरून पुन्हा छोटं विमान. हे सगळं सांगून मी म्हणालो, "सगळं जुळलं तर तीस तास. दीड दिवसाच्या आत काकी तुमच्या दारात."

"दीड दिवसाचो गणपती!" काका एवढ्या जोरात हसले की आतून भाऊ बघायला आले.

मी दोघांचे दोन्ही देशांचे व्हिसा आधीच करून ठेवायला लावले. काकींचं माद्रिद ते वेलिंग्टन तिकीटही फेब्रुवारीच्या शेवटाचं काढून ठेवलं. कार्डं लिहून दिली. एका आठवड्यात दोघं दोन दिशांना गेले.

जानेवारीत एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, महेशचा फोन आला. त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसहा.

"अंकुशकाका, बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. दुपारी छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणतात हृदय फार अशक्त झालंय. किती दिवस सांगता येत नाही. आईला आणायचंय. स्नेहलचं बाळ तीन आठवड्यांचं, ती हलू शकत नाही. आई एकटी येईल. तुम्हीच बघा."

मी तिकीट उघडलं. तारीख पुढे आणायची होती. पडद्यावर दोन विमानं दिसली. पहिलं त्याच दिवशी, माद्रिदहून दुपारी तीनला. आखातात विमान बदलायला सव्वा तास. वेलिंग्टनला गुरुवारी सकाळी नऊला पोचणारं. दुसरं बुधवारी दुपारी दोनला. मध्ये चार तास. शुक्रवारी सकाळी अकराला पोचणारं. माद्रिदला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. काकींना तयारीला पुरेसा वेळ होता.

माझी मान वर झाली. समोर कॅलेंडर. मंगळवारच्या चौकोनात काळा ठिपका.

ते बघायचं असं मी ठरवलं नव्हतं. हात जसा चष्म्याकडे जातो तशी मान गेली. मग मनाने कारण शोधलं आणि ते चांगलं कारण होतं. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात. सव्वा तासात काकींना जमलं नसतं तर त्या परक्या विमानतळावर अडकल्या असत्या, घाबरलेल्या. हे खोटं नाही. दुसऱ्या कुणालाही मी असंच सांगितलं असतं. पण खरं एवढंच की आधी ठिपका दिसला आणि मग सव्वा तास.

महेशने विचारलं होतं, "आज काही नाही का?"

मी म्हणालो, "आजचं आईंना जमणार नाही. उद्याचं नीट आहे." एवढंच. दोन्ही विमानं त्याच्यापुढे मांडली नाहीत. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी घरच्यासारखं बघतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

काकी बुधवारी निघाल्या. मी स्नेहलला फोन करून कार्डावर काय लिहायचं ते एकेक अक्षर सांगितलं. आखातात त्यांना खुर्ची मिळाली, दुसरं विमान मिळालं. सगळं नीट झालं. गुरुवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसचं कुलूप उघडत होतो, तेवढ्यात महेशचा निरोप आला. बाबा गेले. वेलिंग्टनला संध्याकाळचे पाच वाजले होते.

काकी तेव्हा हवेत होत्या. आणखी बारा तास, ऑकलंडला उतरेपर्यंत, हवेतच असणार होत्या. त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि ज्या विमानात त्या नव्हत्या, त्याचा हिशोब मांडला. सकाळी नऊला उतरल्या असत्या, दहापर्यंत हॉस्पिटलमध्ये. सात तास. नवऱ्याजवळ बसायला सात तास मिळाले असते. सव्वा तासाचं ते विमान काही कारणाने चुकलंही असतं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलं. मग पुढे चौकशी करून पाहिली. त्या दिवशी ते वेळेवर सुटलं होतं, वेळेवर पोचलं होतं.

दोन आठवड्यांनी महेशने फोन केला. तक्रार करायला नव्हे, आभार मानायला. आई नीट पोचली म्हणून. बोलता बोलता म्हणाला, "बाबा मंगळवारपासून म्हणत होते, मास्तर म्हणालेत दीड दिवस. घड्याळ उशाशी ठेवलं होतं. गुरुवारी सकाळपासून सारखे विचारायचे, 'दीड दिवस झालो मां रे? ती खय पोचली?' मी म्हणायचो, येतेय बाबा."

माझा आकडा त्यांच्या उशाशी जाऊन बसला होता. विमान सुटल्यापासूनचे तीस तास मी सांगितले होते. सुटण्याआधी थांबावं लागतं, ते तास मी मोजलेच नव्हते, आणि त्यांतला एक आख्खा दिवस तर मीच घातला होता. फोन ठेवल्यावर मी गोल उचलून कपाटावर ठेवला. दोरा खणात टाकला.

काकी एप्रिलमध्ये आल्या. एकट्याच, दुपारी. केस पार पांढरे झालेले. माझ्यासमोर बसल्या, कापडी पिशवी मांडीवर घेतली.

"शिमग्याला गावी जाऊन आले. ह्यांना खाडीत सोडून आले," म्हणाल्या. मग टेबलाकडे बघून, "तुझा तो गोळा कुठे गेला रे?"

"वर ठेवलाय, काकी."

"काढ. मी कुठून कुठून गेले ते मला बघायचंय. विमानात नुसतं ढगच बघितले."

मी गोल काढला, त्यांनी तो पदराने पुसला. मी दोऱ्याने वाट दाखवायला लागलो. माद्रिद. मग आखात. "इथे तुम्ही चार तास होतात," मी म्हणालो आणि माझं बोट तिथेच थांबलं. पुढे सरकेना.

"काकी, मंगळवारी एक विमान होतं."

त्यांनी वर बघितलं.

मी सगळं सांगितलं. सव्वा तासाचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं. आधी काय दिसलं तेही सांगितलं. महेशने विचारलं होतं, तरी मी दाखवलं नाही, हेही. काकी माझ्याशी एरवी मुंबईची मराठी बोलायच्या. राग आला किंवा आतून काही हललं, की मालवणी. आता म्हणाल्या,

"माका कित्याक इचारलंस नाय?"

मी दोरा टेबलावर ठेवला.

"मंगळवारी निघाले असते तर भेटले असते?"

"हो काकी. सात तास आधी."

त्यांनी मान हलवली. चहा आला होता, त्यावर साय धरली. खालून फुलवाल्यांचा गलका येत होता. मग त्या बोलल्या, जरा माझ्याकडे आणि जरा त्या गोलाकडे बघत.

"अरे, आम्ही अमावास्या बघत नव्हतो. हे गिरणीत लाल बावट्याचे. म्हणायचे, मालकाचा भोंगा अमावास्येला बंद असतो काय? गावी जायचं तर मुद्दाम अमावास्येची गाडी धरायचे. त्या दिवशी एसटीत गर्दी नसते. बाजूची सीट रिकामी मिळते, पाय पसरून बस, म्हणायचे. पोरं झाली तरी तसंच. चाळीत सगळे हसायचे. तुझा मामासुद्धा."

मी त्या चाळीत सहा वर्षं राहिलो होतो. दोन खोल्या सोडून. हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

मला माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागण्यासारखं वाटलं नाही. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाल्या आणि पिशवीतून पासपोर्ट काढला. स्नेहल कामावर रुजू होणार होती, बाळाला सांभाळायला माद्रिदला जायचं होतं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या आठवड्यातली सगळी विमानं एकेक करून वाचून दाखवली. कुठलं कधी सुटतं, कुठे किती थांबायचं, कुठल्याला काय धोका, घरापासून दारापर्यंत एकूण किती तास. वाचायला अर्धा तास लागला. काकी शाळेतल्या मुलीसारख्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, "आता तुम्ही सांगा."

"ह्यांतली अमावास्या कधी?"

मी कॅलेंडर बघितलं. "गुरुवारी."

"मग गुरुवारचं काढ."

त्यानंतर मी ऑफिसात होतो तोवर प्रत्येकाला असंच सगळं वाचून दाखवलं. वेळ फार जायचा. भाऊ कुरकुर करायचे, मागे उभी असलेली माणसं घड्याळ बघायची. कॅलेंडर भिंतीवर तसंच राहिलं. ते बघायचं की नाही, हे ग्राहकाने सांगायचं. "किती तास?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारायचो, "कुठून मोजू?" लोकांना ते विचित्र वाटायचं. मला त्या एका प्रश्नाचा थकवा यायला लागला तो तेव्हापासून.

काकी पोचल्या त्या दिवशी त्यांनी फोनवर बोलून पाठवलेला निरोप अजून माझ्याकडे आहे.

"अंकुश, पोचले रे. कार्ड दाखवावं लागलं नाही, आता वाट माहीत झालीय. बाजूची सीट रिकामी होती, दोन्ही विमानांत. विमानातली बाई खुणेने सांगत होती, पिशवी तिथे ठेवा, मोकळं बसा. मी ठेवली नाही. मांडीवरच घेतली."